वेळेवर फुटणारं कवच

सकाळी ७.३०. पावसाळ्यात माझा दिवस लॅबमध्ये नव्हे, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राच्या खोलीत सुरू होतो. जुलैत तळोज्याची हवा इतकी ओली असते की ती तशीच कोटिंग मशीनमध्ये गेली, तर बॅच वाया गेलीच म्हणून समजा. आधी ती गार करून तिच्यातलं पाणी काढायचं, मग पुन्हा तापवून मशीनला द्यायची. पॅनेलवर दवबिंदू १० अंशांखाली स्थिरावला की रात्रपाळीचे काका वहीत सही करतात आणि दिवसपाळीचे काका मशीन हाती घेतात.

आमचा माल तेलाच्या आणि वायूच्या विहिरींत जातो. काही खडकांत तेल असतं, पण खडक इतका घट्ट की ते वाहत नाही. तिथे प्रचंड दाबानं द्रव सोडून खडकाला भेग पाडतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिच्यात वाळू भरतात. साध्या पाण्यात वाळू खाली बसते, म्हणून ते पाणी गवार गम घालून दाट करतात. दाण्याचं कूट घालून आपण जिच्या शेंगांची भाजी करतो तीच ही गवार. गम मात्र तिच्या बियांतून काढतात. जगातल्या गवारीपैकी सुमारे ८० टक्के भारतात पिकते, त्यातली बरीचशी राजस्थानात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शेल विहिरींच्या मागणीमुळे तिचे भाव इतके भडकले की आपल्याकडे गवारीचे वायदे थांबवावे लागले होते.

वाळू भेगेत पोचेपर्यंत हे जेल दाट राहायला हवं आणि पोचल्यावर पाण्याइतकं पातळ व्हायला हवं. नाही झालं, तर ज्या वाटेनं तेल यायचं ती वाट गमच बुजवतो. जेल तोडणाऱ्या रसायनाला ब्रेकर म्हणतात. अमोनियम पर्सल्फेट हा स्वस्त आणि जोरदार ब्रेकर, पण उष्णतेत त्याला दम धरवत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याच्या विघटनाचा वेग तीन-चार पट होतो. शंभर अंशांच्या विहिरीत उघडं पर्सल्फेट टाकलं तर काही मिनिटांतच जेल ढासळतं, वाळू भलत्याच ठिकाणी बसते आणि अख्खा जॉब अडकतो. म्हणून आम्ही त्याच्या प्रत्येक दाण्यावर पॉलिमरचं कवच चढवतो. हेच आमचं काम.

८.१५. माल भरायला सुरुवात. पर्सल्फेटची धूळ छातीत गेली तर दम्याचा त्रास जडू शकतो. केस ब्लीच करणाऱ्या पावडरीतही हेच रसायन असतं आणि सलूनमधल्या कामगारांना त्यातून होणारा दमा डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. त्यामुळे मास्क नीट बसलाय की नाही हे मी प्रत्येकाच्या जवळ जाऊन पाहते. उकाड्यात मास्क नकोसा होतो हे मलाही कळतं, पण इथे सूट नाही. ड्रमवर ऑक्सिडायझरचं पिवळं लेबल असतं. त्याच्या आसपास चिंधी, तेल, ग्रीस, लाकडाचा भुसा यातलं काहीही दिसता कामा नये.

८.४५. मशीन सुरू. डेल वुर्स्टर यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९५० च्या दशकात औषधी गोळ्यांवर लेप चढवण्यासाठी हे तंत्र विकसित केलं. आजही त्याला त्यांचंच नाव आहे. खालून हवेचा झोत येतो, मधल्या उभ्या नळीतून दाणे वर उसळतात, नळीच्या तळाशी असलेल्या नोझलमधून त्यांच्यावर लॅटेक्सचा बारीक फवारा बसतो, वर जाता जाता ते वाळतात आणि कडेनं खाली उतरून पुन्हा नळीत शिरतात. हा फेरा तासन् तास चालतो. एका फेऱ्यात चढणारा थर डोळ्यांना दिसतही नाही.

पहिला तास मी काचेसमोरून हलत नाही. आमचं लॅटेक्स पाण्यातलं आहे, कारण ऑक्सिडायझरच्या सान्निध्यात ज्वलनशील सॉल्व्हंट वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण. पण पर्सल्फेट पाण्यात सहज विरघळतं. सुरुवातीला फवारा जोरात मारला की दाण्याचा पृष्ठभाग ओला होतो, थोडं पर्सल्फेट विरघळून थेट कवचात मिसळतं आणि वाळल्यावर तिथे बारीक वाटा राहतात. बाहेरून दाणा गुळगुळीत दिसतो, पण विहिरीत गेल्यावर याच वाटांनी तो गळतो. म्हणून पहिला थर अगदी हळू चढवायचा. उसळत्या दाण्यांच्या बेडचं तापमान ४० च्या आसपास ठेवायचं: कमी झालं तर दाणे एकमेकांना चिकटून जोडगोळ्या होतात, वाढलं तर फवारा दाण्यावर बसण्याआधीच वाळतो आणि लॅटेक्सची भुकटी होऊन फिल्टरला जाते. माझ्या मते कोटिंगचं सगळं कौशल्य या पहिल्या तासात आहे. पुढचे थर नवखा माणूसही चढवू शकतो.

साडेदहाच्या सुमारास काका म्हणाले, "मॅडम, नोझलचा आवाज बदललाय." मला काही वेगळं ऐकू आलं नाही. दाबाचा काटाही जागच्या जागी होता. तरी फवारा थांबवून नोझल काढलं, तर टोकाशी लॅटेक्सची एवढीशी साय धरलेली. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर फवारा वाकडा झाला असता आणि निम्म्या दाण्यांवर थर पातळ बसला असता. त्या नोझलचा आवाज ओळखणारा कान कुठल्याही प्रशिक्षणात तयार होत नाही. पगारवाढीच्या तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

११.३०. कालच्या बॅचची चाचणी. दाणे ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचे, ठरावीक वेळानं गाळायचं आणि किती पर्सल्फेट बाहेर आलं ते मोजायचं. गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घालून फ्लास्क अंधारात ठेवला की पर्सल्फेट आयोडीन मोकळं करतं आणि पाणी तपकिरी होतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचं. रंग उतरत उतरत वाळलेल्या गवतासारखा फिका पिवळा झाला की स्टार्चचे थेंब. सगळं गडद निळं होतं. त्यानंतर थेंब थेंब, आणि एका थेंबाला निळा रंग एकदम नाहीसा. संगणकाला जोडलेली यंत्रं आमच्याकडेही आहेत, पण वाद झाला की सगळे या फ्लास्ककडेच येतात.

आम्ही दोन आकडे पाहतो. पहिल्या तासात किती गळलं आणि शेवटी एकूण किती सुटलं. ग्राहक बहुधा पहिलाच विचारतात. कवच जाड केलं की तो सुंदर येतो, पण मग दुसरा बिघडतो. जे कवच कधीच उघडत नाही ते भेगेत टाकलेल्या कचऱ्याहून वेगळं नाही.

एकला जेवण.

२.००. दुपार जेलची. एक लिटर पाण्याला ४.८ ग्रॅम गवार गम, तो फुगेपर्यंत धीर, मग पीएच वाढवून बोरेट. बोरेट गमच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. बीकर तिरपा केला की जेल काठावरून जिभेसारखं लोंबतं आणि सरळ केला की मागे खेचलं जाऊन आत परततं. नव्या मुलांना मी हे आधी हातानं करायला लावते. नंतर तेच जेल कॅप्सूल, म्हणजे आमचे कवचवाले दाणे, मिसळून दाबाखालच्या व्हिस्कोमीटरमध्ये, विहिरीच्या तापमानाला. दाटपणाचा आलेख दोनेक तास वर राहिला पाहिजे आणि मग कोसळला पाहिजे.

कवच उघडतं तीन प्रकारे. पाणी हळूहळू आत झिरपतं, पर्सल्फेट विरघळतं, आतला परासरणाचा दाब वाढतो आणि कवच फुटतं. काही पर्सल्फेट कवचातून झिरपत बाहेर येतं. आणि पंप थांबल्यावर भेग मिटू लागते, तेव्हा वाळूच्या दाण्यांमध्ये सापडलेल्या कॅप्सूल चिरडल्या जातात. हा तिसरा प्रकार तपासायला वाळूच्या थरात कॅप्सूल घालून प्रेसखाली दाबतो आणि पुन्हा तेच टायट्रेशन.

लोकांना वाटतं, कवच फक्त उशीर करण्यासाठी आहे. मला त्याचा दुसरा गुण जास्त मोलाचा वाटतो. भेगेत दाबामुळे पाणी खडकात मुरतं, गम मात्र मोठ्या रेणूंचा म्हणून मागे राहतो आणि भेगेच्या भिंतीवर त्याचा चिवट थर बसतो. पाण्यात विरघळलेला ब्रेकर पाण्याबरोबर खडकात निघून जातो. म्हणजे जिथे गम सर्वांत जास्त, तिथे ब्रेकर कमी. कॅप्सूल घन असते. वाळूच्या मापाची, २०/४० मेशची ठेवली, की ती वाळूबरोबर भेगेतच अडकते आणि गमच्या शेजारीच फुटते. औषध दुखऱ्या जागी पोचणं यालाच म्हणतात.

४.३०. उत्तर गुजरातमधल्या एका साइटवरून फोन. "मॅडम, तळाचं तापमान ११० आहे, त्या हिशेबानं माल पाठवा." मी विचारलं, "सर, ११० खडकाचं की जॉब चालू असतानाचं?" हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते. शेकडो घनमीटर थंड द्रव आत गेला की विहिरीजवळचा खडक बराच निवतो आणि पुन्हा तापायला वेळ घेतो. आधी गेलेलं जेल भेगेच्या टोकाकडे पोचतं आणि जास्त वेळ उष्णतेत राहतं. शेवटी गेलेलं विहिरीच्या तोंडाशी, गारव्यात राहतं. दोन्हींना एकच मात्रा दिली तर विहिरीच्या तोंडाशीच जेल न तुटता राहतं, आणि सगळं तेल तर त्याच वाटेनं यायचं असतं. म्हणून शेवटच्या टप्प्यांत ब्रेकर वाढवायचा.

५.४५. आजच्या बॅचचे दाणे चाळून, जोडगोळ्या वेगळ्या काढून, आतून दुहेरी पिशवी लावलेल्या ड्रममध्ये. नमुना उद्याच्या टायट्रेशनसाठी. जाता जाता नव्या कवचाच्या प्रयोगावर नजर टाकते. आजचं कवच जमिनीखाली कायमचं प्लास्टिक म्हणून राहतं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. आपल्याकडे सक्ती होण्याची वाट न पाहता उष्णतेत पाण्याशी विघटन होऊन संपणारं कवच बनवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अजून ते पहिल्या तासातच फार गळतं.

साइटवरच्या इंजिनिअर मंडळींना एवढंच सांगणं आहे: ऑर्डरबरोबर तापमानाचा एक आकडा धाडू नका. पंपिंगचं वेळापत्रक, विहीर निवण्याचा अंदाज आणि जेल बनवायला वापरणार असाल त्या पाण्याचा एक लिटर नमुना पाठवा. आणि ड्रम उन्हात उतरवू नका.