शस्त्रक्रिया गळ्याची, परीक्षा पोटाची

ठाणें, डोंबिवली व कल्याण येथें राहणाऱ्या सर्वांस पावसाळ्यांतील ओलसर भिंत चांगली परिचयाची आहे. भिंतीचा पोपडा पडला म्हणजे उतावळा मनुष्य लागलीच नवा गिलावा करवितो. परंतु पुढील श्रावणांत तोहि गळून पडतो. जाणता गवंडी मात्र आधीं गच्चीवर चढून पाणी कोठून झिरपतें तें पाहतो. शस्त्रवैद्यकांतहि असाच एक प्रसंग आहे. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, हा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या घशांतून दोन वाटा निघतात: पुढची श्वासनलिका व मागची अन्ननलिका. स्वरयंत्राच्या खालच्या भागीं अंगठीच्या आकाराची एक कूर्चा असते. ती सर्व बाजूंनीं बंद असल्यामुळें तेथें आलेली सूज बाहेर न फैलावतां आंतच येते. तान्ह्या मुलांत हा मार्ग सुमारें ४ ते ५ मिलिमीटर रुंद असतो. आतां गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा. व्यास ४ मिलिमीटर धरला व सभोंवार १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास २ मिलिमीटर उरतो. क्षेत्रफळ चौथा हिस्सा होतें, आणि संथ वाहणाऱ्या हवेस होणारा अडथळा १६ पट वाढतो!

कांहीं मुलांत ही जागा जन्मतःच अरुंद असते. परंतु दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलीं जीं बालकें श्वासनलिकेंत नळी घालून, यंत्राच्या साह्यानें आठवडेच्या आठवडे जगविलीं जातात, त्यांपैकीं कांहींच्या गळ्यांत त्या नळीच्या दाबानें व्रण होऊन तो भरतांना मार्ग आकुंचित होतो. ज्या नळीनें प्राण वाचविले, तिचीच ही खूण. मग मानेस छिद्र पाडून श्वासाची वेगळी सोय करावी लागते. अशा मुलास मोठ्यानें हांक मारतां येत नाहीं आणि पोहण्याची तर गोष्टच नको. हें छिद्र बंद व्हावें म्हणून बरगडीची कूर्चा घेऊन अरुंद मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. या कल्पनेच्या प्रयोगांचा प्राथमिक वृत्तांत फिअरन व कॉटन या डॉक्टरांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केला.

समजा, कल्याणचें एक कुटुंब लोकलगाडीनें मुंबईस एका मोठ्या रुग्णालयांत आलें. लहान मुलांसाठीं म्हणून तेथें परळास बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे. आईबापांस वाटतें, आतां गळ्याचें काम होईल, पण डॉक्टर म्हणतात, "आधीं पोट पाहूं." आईबाप निराश होतात. परंतु यांत विलंब नसून दूरदृष्टि आहे.

जठरांतील आम्ल अन्ननलिकेंतून उलट वर चढून स्वरयंत्रापर्यंत पोहोंचलें, तर नाजूक त्वचा दाहते व नवी जोडलेली कूर्चा नीट रुजत नाहीं. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कुत्र्यांच्या श्वासमार्गांतील जखमेस जठराम्ल लागलें असतां ती भरण्यास विलंब झाल्याचें दिसून आलें.

तान्ही मुलें दूध बाहेर टाकतात तें बहुधा स्वाभाविक असतें व एक-दीड वर्षांत आपोआप थांबतें. उलट, कित्येक मुलांत आम्ल चढूनहि उलटीचें नांव नसतें. म्हणून केवळ लक्षणांवर विसंबतां येत नाहीं. नाकांतून एक बारीक तार अन्ननलिकेंत सोडून २४ तास आम्लता मोजतात. रसायनाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे कीं शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. येथें ४ च्या खालीं कितीं वेळ गेला तें पाहतात. कांहीं तारा आम्लरहित उलट प्रवाहहि टिपतात. दुर्बिणीनें अन्ननलिका पाहून तेथील कण तपासतात, कारण कधीं कधीं वावड्या अन्नानें होणारी वेगळीच सूज आढळते. दुसऱ्या दुर्बिणीनें श्वासमार्ग पाहतात. तो लाल व सुजलेला दिसल्यास, तो शांत होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढें ढकलतात.

दोष सांपडल्यास आहार बदलतात, आम्ल कमी करणारें औषध देतात, व क्वचित् जठराच्या मुखाची शस्त्रक्रिया करितात. या औषधानें प्रत्येक मुलास लाभ होतोच असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं, व कोणत्या मुलाच्या कोणत्या परीक्षा कराव्या याविषयीं डॉक्टरांत मतभेदहि आहेत. तेव्हां दुकानांतून आणून तें आपल्या मनानें मुलास देऊं नये.

पालकांनीं आपल्याकडून इतकें करावें: मुलाचें वजन, रात्रीचा खोकला, सकाळचा घोगरा आवाज व जेवणाच्या वेळचा ठसका यांची वहींत नोंद ठेवून ती डॉक्टरांस दाखवावी. आणि विद्यार्थीमित्रहो, आपल्या वर्गांत मानेस नळी असलेला एखादा सोबती आला, तर त्याकडे टक लावून पाहूं नका. त्यास शेजारीं जागा द्या. त्याचा आवाज येण्यास अजून थोडा अवकाश आहे. गच्चीची गळती थांबली म्हणजे भिंतहि टिकेल.