परमुलखांतील पैसा : कार्ड, यंत्र आणि हुंडणावळ

पेशवाईंत काशीयात्रेस निघणारा गृहस्थ सारी रक्कम कंबरेस बांधून निघत नसे. पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरावयाचे, काशीच्या पेढीवरील हुंडी लिहून घ्यावयाची व तेथें पोंचल्यावर ती दाखवून पैसे उचलावयाचे, अशी वहिवाट होती. दाखवितांच पटावयाची ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनीं पटावयाची ती मुदती. या व्यवहाराबद्दल सावकार जी कसर घेई ती हुंडणावळ, आणि एका मुलखाचें नाणें दुसऱ्या मुलखांत मोडतांना जी खोट येई तो बट्टा. आज मुलानातवंडांस भेटावयास सातासमुद्रांपलीकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांच्या खिशांत हुंडीऐवजीं प्लॅस्टिकचें कार्ड असतें. परंतु हुंडणावळ आणि बट्टा हीं दोन्हीं त्यांस सोडून गेलेलीं नाहींत. तीं फक्त दिसेनाशीं झालीं आहेत. दिसत नाहींत म्हणूनच त्यांची ओळख करून घेणें अवश्य आहे.

पैसे देणारें यंत्र प्रथम २७ जून १९६७ रोजीं लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें बार्क्लेज बँकेच्या शाखेंत सुरू झालें. तें बसविण्यामागें ज्यांची कल्पना होती ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ सालीं आपल्या शिलाँगचा. त्या यंत्रांत कार्ड नव्हतें. विशिष्ट खूण असलेला कागद घातला म्हणजे दहा पौंड मिळत. सांकेतिक आकडा सहा अंकी असावा असा शेफर्ड-बॅरन यांचा विचार होता. परंतु आपणांस चारच अंक लक्षांत राहतात असें पत्नीनें सांगितल्यावरून तो चार अंकी ठेवला, अशी हकीगत त्यांनीं पुढें सांगितली. मुंबईंत असें यंत्र १९८७ सालीं आलें. जगाच्या या व्यवहारांत एका गृहिणीच्या स्मरणशक्तीस असा मान मिळाला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

आतां प्रवासाच्या तयारीकडे वळूं. रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं असा नियम केला कीं, नवें कार्ड देतांना तें देशांतील यंत्रें व दुकानें यांपुरतेंच चालू असावें. परदेशांतील वापर कार्डधारकानें आपण होऊन सुरू करून घ्यावा. नियम हिताचा आहे, कारण घरीं बसलेल्या माणसाचें कार्ड परदेशांतील चोरास त्यामुळें सहसा वापरतां येत नाहीं. परंतु हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ मंडळी परक्या विमानतळावर यंत्रापुढें हताश उभीं राहतात. यास्तव निघण्यापूर्वीं हा वापर सुरू करावा, दिवसाची मर्यादा बेताची ठेवावी आणि परत येतांच तो बंद करावा. बँकेचा संदेश ज्या दूरध्वनीवर येतो, तो क्रमांक परदेशांत चालेल अशीहि व्यवस्था करावी. कित्येक व्यवहार त्या संदेशांतील आकड्यावांचून पुरे होत नाहींत.

दुसरी गोष्ट खर्चाची. परदेशीं यंत्रांतून पैसे काढल्यास बहुधा तीन ठिकाणीं कात्री लागते. आपली बँक दर खेपेस ठराविक शुल्क घेते. तीच बँक चलनाच्या भावावर शेकडा दोन ते साडेतीन अधिक आकारते आणि या आकारणीवर शेकडा १८ कर पडतो. तिसरें शुल्क त्या यंत्राच्या मालकाचें. साडेतीनाचा दर धरल्यास एक लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० रुपये व त्यावर ६३० रुपये कर, मिळून ४,१३० रुपये होतात; ही झाली आजची हुंडणावळ. मालकाचें शुल्क रकमेवर नसून खेपेवर असतें. थायलंडमध्यें तें २२० बाट धरूं. कोणी दोन हजार बाट काढले तर शेकडा अकरा गेले. वीस हजार काढले तर शेकडा एकाहून किंचित् अधिक. म्हणून थोडे थोडे वारंवार काढण्यापेक्षां हिशेब करून एकदांच काढावे आणि जेथें कार्ड चालतें तेथें दुकानदारास कार्डच द्यावें. चलनावर अधिक आकार न घेणारीं कार्डेंहि कांहीं बँका देतात. निघण्यापूर्वीं दर विचारून घ्यावा, विचारण्यास मोल पडत नाहीं.

आधींच परकें चलन भरून घेतलेलें कार्ड मिळतें. त्यांत भरलेल्या दिवसाचा भाव कायम राहतो, हा त्याचा गुण. परंतु डॉलर भरलेलें कार्ड युरोच्या देशांत चालविलें, तर पुन्हां चलन बदलण्याचा आकार सोसावा लागतो. ज्या देशीं जावयाचें त्याच देशाचें चलन भरणें श्रेयस्कर.

आतां बट्ट्याचें आधुनिक रूप पाहा. लंडन, प्राग किंवा बँकॉक येथें यंत्रापुढें उभें राहिलें असतां अकस्मात् पडद्यावर प्रश्न येतो: रक्कम रुपयांत वळती करावी काय? आपले रुपये पाहून मन सुखावतें, आंकडा समजतो आणि बोट होकाराकडे जातें. येथेंच फसगत आहे. रुपयांचा तो भाव यंत्राचा मालक ठरवितो आणि त्यांत आपला नफा बेमालूम मिसळतो. तो नफा शेकडा सात धरला, तर चाळीस हजारांवर २,८०० रुपये कोणत्याहि कामाविना गेले. शिवाय परदेशीं झालेल्या रुपयांच्या व्यवहारावरहि कित्येक भारतीय बँका निराळा आकार लावतात तो वेगळाच. युरोपीय संघानें एप्रिल २०२० पासून असा निर्बंध घातला कीं, अशा वेळीं भावांतील वाढावा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेंत शेकड्यांत दाखविलाच पाहिजे. पण दाखविलेलें वाचणारास उपयोगी, न वाचणारास व्यर्थ. नियम एकच पाठ करावा: ज्या देशांत उभे आहोंत त्या देशाच्याच चलनांत पैसे द्यावे. दुकान, हॉटेल, यंत्र, सर्वत्र हाच नियम. दुकानदार न विचारतां रुपये निवडीत असेल, तर पावतीवर मान्यता देण्यापूर्वीं त्यास थांबवावें.

क्रेडिट कार्डानें रोख रक्कम काढूं नये. दुकानांतील खरेदीस जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोखीस मिळत नाहीं. काढल्या दिवसापासून व्याज चालूं लागतें व शुल्क निराळें. उलट हॉटेलांत उतरतांना मात्र तेंच पुढें करावें. हॉटेलवाले अनामत म्हणून कांहीं रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिल्यास आपल्या खात्यांतील खरे पैसे तितके दिवस हातीं लागत नाहींत.

एकाच कार्डावर भिस्त ठेवणें तर सर्वस्वीं अयोग्य. मार्च २०२२ मध्यें व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनीं रशियांतील व्यवहार थांबविले, तेव्हां थायलंडमध्यें हवापालटास गेलेल्या हजारों रशियन प्रवाशांचीं कार्डें एकाएकीं निरुपयोगी झालीं. जपानसारख्या प्रगत देशांतहि प्रत्येक बँकेचें यंत्र परदेशी कार्ड स्वीकारीत नाहीं. तेथें टपाल कचेरींतील अथवा सेव्हन-इलेव्हन दुकानांतील यंत्र गांठावें. दोन निरनिराळ्या बँकांचीं कार्डें, तींहि निरनिराळ्या पिशव्यांत, आणि दोन दिवसांच्या खर्चापुरती तेथील रोकड, इतकी शिदोरी जवळ असावी.

आतां ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तें सांगतों. आमच्या परिचयाचें एक वृद्ध दांपत्य लेकीकडे निघालें असतां वाटेंत एका परक्या शहरीं मुक्कामास राहिलें. तेथें यजमानांच्या छातींत दुखूं लागलें व त्यांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. बाईंनीं तीस वर्षें शाळेंत शिकविलेलें. त्यांचें निवृत्तिवेतन दरमहा त्याच खात्यांत जमा होत असे. परंतु कार्ड एकच, तें यजमानांच्या नांवाचें, आणि आकडाहि त्यांनाच ठाऊक. स्वकष्टाचे लाखों रुपये खात्यांत असतां त्या माउलीस रात्रीं मुक्कामीं परतण्यास टॅक्सीचें भाडें एका अनोळखी परिचारिकेकडून घ्यावें लागलें. यजमान पुढें बरे झाले. परंतु त्या रात्रीची लाचारी बाईंच्या मनांतून गेलेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, पत्नीस आपला आकडा सांगून ठेवावा. तसें करूं नये. आकडा कोणासहि, घरच्या माणसासहि, सांगूं नये अशी बँकांची अट असते आणि ती मोडल्यास पुढें तक्रारीस बळ राहत नाहीं. खरा उपाय निराळा आहे. संयुक्त खातें दोघांपैकीं कोणीहि चालवूं शकेल अशा रीतीचें असावें, पत्नीच्या नांवानें तिचें स्वतंत्र कार्ड घ्यावें आणि तिचा आकडा तिनेंच निवडावा. निघण्यापूर्वीं गांवांतील यंत्रावर चार वेळां तिनेंच पैसे काढावे. यजमानांनीं शेजारीं उभें राहून सूचना देऊं नयेत. आमच्या घरांतून पोथी, औषध आणि दागिने स्त्रियांच्या स्वाधीन असतात; कार्ड तेवढें त्यांस जड होईल, हा समज पुरुषांच्या सोयीचा आहे, खरा नव्हे.

कार्ड हरवलें किंवा यंत्रानें गिळलें, तर तें परत मिळण्याची वाट पाहत बसूं नये. तत्काळ बँकेस कळवून तें बंद करावें. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या आदेशान्वयें, ग्राहकाची वा बँकेची चूक नसतां तिऱ्हाईताच्या लबाडीनें पैसे गेले आणि ग्राहकानें बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविलें, तर त्यास तोशीस लागत नाहीं. विलंबाबरोबर ती वाढत जाते. यास्तव बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून तो कार्डापासून वेगळा, दोघांच्याहि जवळ असावा. आकडा दाबतांना दुसऱ्या हातानें झांकावा आणि शक्य तों बँकेच्या इमारतीच्या आंतील यंत्र वापरावें.

हुंडीच्या काळीं सावकाराची पत प्रवाशाचें रक्षण करीत असे. आज तें काम आपल्या सावधपणानें करावयाचें आहे, आणि तो सावधपणा घरांतील एकाच माणसाच्या खिशांत ठेवून चालणार नाहीं. प्रवासाचें सामान बांधूं लागाल त्या दिवशीं प्रथम दोन कार्डें, दोन नांवें आणि दोन आकडे यांची तजवीज करा. लाडू-चकल्या मागाहून बांधल्या तरी चालतील.