चिठ्ठी गावाच्या नावाची, पण तुम्हाला विचारलं का? क्लस्टर ट्रायल म्हणजे काय ते समजून घेऊया

ॲपचं नवं फीचर मित्राच्या फोनमध्ये आलंय आणि तुमच्याकडे नाही, असं कधी झालंय का? बऱ्याचदा ती ए/बी टेस्ट असते. काहींना नवं द्यायचं, काहींना जुनंच ठेवायचं आणि मग तुलना करायची. औषधांच्या चाचण्याही साधारण अशाच चालतात. फरक एवढाच, की तिथे आधी तुमची संमती घेतात आणि मगच चिठ्ठी टाकतात.

पण काही चाचण्यांमध्ये चिठ्ठी माणसाच्या नावाची नसते, अख्ख्या गावाच्या किंवा वस्तीच्या नावाची असते. यालाच क्लस्टर रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात.

असं का करतात?

समजा, गावाच्या टाकीत क्लोरीन टाकायचं आहे. मग एका घराला ते पाणी द्यायचं आणि शेजाऱ्याला नाही, हे जमणार कसं? आरोग्याची माहितीही एका घरात सांगितली की गल्लीभर होतेच. म्हणून तुलना गावागावांत करतात.

आपल्याकडचं उदाहरण

1999 मध्ये उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर अशी चाचणी सुरू झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिला आणि गावांचे 52 गट. तीन प्रकारच्या गटांना वेगवेगळ्या तपासण्या, तर चौथ्याला नेहमीचीच व्यवस्था. निकाल 2009 मध्ये आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 पैकी 34 महिला या कॅन्सरने गेल्या, चौथ्या गटात 31,488 पैकी 64.

म्हणजे तपासणीने जीव वाचतात हे कळलं, जगालाही उपयोग झाला. पण ते 64 मृत्यू वाचून मी थांबलो. श्रीमंत देशांत पॅप तपासणी आधीपासून चालू होती, मग एका गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का? भारतातल्या अशा चाचण्यांवर टीकाकारांनी हाच प्रश्न विचारला. दुसरी बाजू म्हणते, तेव्हा इथे सगळ्यांसाठी तपासणीची सोयच नव्हती आणि खेड्यात कोणती पद्धत चालेल हे शोधायचं होतं.

सरपंचांनी 'हो' म्हटलं तर?

2012 च्या ओटावा निवेदनात अशा चाचण्यांसाठी 15 शिफारशी आहेत. त्यातली एक नीट लक्षात ठेवा: गावाच्या प्रमुखाची परवानगी म्हणजे तुमची संमती नव्हे. क्लोरीनच्या पाण्याला एकट्याने नकार देणं अवघड आहे, मान्य. पण तुमचं रक्त, तुमची माहिती घ्यायची असेल तर तुम्हालाच विचारायला हवं.

माझं मत विचाराल तर संमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या गटाचा आहे. कोणी फॉर्म घेऊन दारात आलं तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: चिठ्ठी कशाची टाकली? मी नाही म्हणू शकतो का? आणि ज्या गावाला काहीच मिळालं नाही, त्याला निकालानंतर काय मिळणार?