आम्लाचा वेग आवरणारे रेणू

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये जस्ताचा मुलामा चढण्याआधी बोल्ट हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत उतरतात. हे पिकलिंग. गंज आणि काळी खपली निघाली की काम झालेलं असतं, पण आम्ल थांबत नाही. ते पोलादच खाऊ लागतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. त्यातला थोडा हायड्रोजन पोलादात मुरतो. असा कठीण पोलादाचा बोल्ट दिसायला चकचकीत, पण ताण पडल्यावर अचानक तडकू शकतो. म्हणून टाकीत इनहिबिटर घालतात. त्यातल्या अनेक रेणूंचं नायट्रोजनयुक्त डोकं उघड्या पोलादाला चिकटतं, तेलकट शेपूट बाहेर राहते आणि आम्लाची वाट अडते.

डोकं पाण्याच्या ओढीचं, शेपूट तेलाच्या ओढीची, अशा रेणूंना सर्फॅक्टंट म्हणतात. तेलविहिरीतही आम्ल आवरायला तेच कामी येतात.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात, 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचं तेल मुख्यतः चुनखडीच्या खडकात आहे. अशा खडकातली तेलाची वाट मोकळी करायला विहिरीत आम्ल सोडतात. बहुतेकदा 15 टक्के हायड्रोक्लोरिक. चुनखडी विरघळते, कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण खोलवरच्या उष्णतेत ही क्रिया इतकी झपाट्याने होते, की आम्ल विहिरीच्या भिंतीपाशीच खर्च होतं. हवे असतात ते खडकात दूरवर जाणारे, वाळवीने पोखरल्यासारखे बारीक बोगदे.

त्यावर एक उपाय म्हणजे 70 भाग आम्ल 30 भाग डिझेलमध्ये घुसळणं. सर्फॅक्टंट प्रत्येक थेंबाभोवती कडं धरतात, आम्ल खडकापर्यंत सावकाश पोचतं आणि बोगदा लांबवर जातो. दुसऱ्या प्रकारात आम्ल खर्च होत जाईल तसे सर्फॅक्टंटचे रेणू एकत्र येऊन लांब, गुंतलेल्या दोऱ्या बनवतात. द्रव तिथं घट्ट होतो आणि मागून येणारं ताजं आम्ल न उघडलेल्या भागाकडे वळतं. पुढे तेलाचा स्पर्श झाला की दोऱ्या सुटतात आणि वाट मोकळी होते.

खडकापर्यंत पोचण्याआधी हे आम्ल पोलादी नळीतूनच जातं, त्यामुळे इनहिबिटर तिथंही लागतंच. 1932 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये नळ्या वाचवायला चक्क आर्सेनिक वापरलं गेलं. आजची सेंद्रिय इनहिबिटर त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत.

आपल्या पट्ट्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. टाकीत पोलाद कमी विरघळलं की आम्ल जास्त दिवस टिकतं आणि लोहयुक्त गाळ कमी होतो. वापरून संपलेलं आम्ल हा घातक कचरा आहे. योग्य इनहिबिटर आणि टाकीची रोजची तपासणी यांवर केलेला खर्च पवना-इंद्रायणी नद्यांसाठीही असतो.