दारातली गाडी, दूरदेशीचा भाव

वापरलेली मोटार विकावयास काढली की तिचा भाव आपल्याच शहरातील गिऱ्हाईक ठरवील, असे मालकास वाटते. जपानमध्ये मात्र ओसाका वा नागोया येथील मालक जेव्हा गाडीची किल्ली दलालाच्या हाती देतो, तेव्हा मोम्बासा, दुबई आणि ऑकलंड येथील मागणी तिच्या किमतीत आधीच शिरलेली असते. 2023 साली जपानमधून 15 लाखांहून अधिक वापरलेल्या गाड्या परदेशी गेल्या. एवढा माल देशाबाहेर गेल्यावर देशातील बाजाराचे काय होते, हे कोणत्याही व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगे आहे.

गाडी देश का सोडते?

जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. प्रत्येक वेळी शुल्क, विमा आणि दुरुस्तीचा खर्च येतो. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की तिच्यावरील करही वाढतो. त्यामुळे उत्तम स्थितीतील गाडीही मालक लवकर विकून टाकतो. तेथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात व गाड्यांचे सुकाणू उजवीकडे असते. म्हणून केनिया, टांझानिया, न्यूझीलंड अशा डावीकडून वाहने चालणाऱ्या देशांना या गाड्या जशाच्या तशा उपयोगी पडतात. केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही. साहजिकच सात वर्षांच्या गाडीस जी परदेशी मागणी असते, ती नऊ वर्षांच्या गाडीस उरत नाही.

एकाच लिलावात दोघे

जपानमधील वापरलेल्या गाड्यांचा घाऊक व्यवहार मुख्यतः लिलावगृहांत होतो. तपासनीस प्रत्येक गाडीला गुण देतो, दोषांची नोंद असलेला कागद सोबत असतो आणि काही क्षणांत बोली संपते. तेथे स्थानिक विक्रेता आणि निर्यातदार एकाच गाडीसाठी बोली लावतात. परंतु दोघांचे गणित सारखे नसते. निर्यातीवर उपभोग कर लागत नाही. त्यामुळे खरेदीत भरलेला 10 टक्के कर निर्यातदारास परत मागता येतो. शिवाय 2005 पासून लागू असलेल्या वाहन पुनर्वापर कायद्याखाली प्रत्येक गाडीमागे जमा झालेले शुल्क, ती निर्यात झाल्यास परत मिळते. स्थानिक विक्रेत्यास मात्र देशातील विक्रीवर कर भरावाच लागतो. त्याचा हात जेथे थांबतो, तेथून निर्यातदार आणखी एक पायरी वर चढू शकतो.

त्यात चलनाची भर पडते. 2022 च्या आरंभी एका डॉलरला सुमारे 115 येन पडत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा दर 150 च्या पलीकडे गेला. गाडी तीच, येनमधील किंमतही तीच, तरी परदेशी गिऱ्हाईकास ती बरीच स्वस्त झाली. त्याच काळात चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या उशिरा मिळत होत्या. दोन्ही कारणे एकत्र आली आणि लिलावातील भाव चढले.

लाभ आणि भार

निर्यातीने मालाचा तळभाव बांधला जातो. ज्या गाडीला देशात फारसे कोणी विचारणार नाही, तिलाही परदेशात गिऱ्हाईक असते. याचा लाभ प्रथम मालकास होतो. जुन्या गाडीचे चांगले पैसे आल्याने नवी घेणे त्याला सोपे जाते, आणि त्यामुळे नव्या गाड्यांच्या कारखानदारासही हातभार लागतो. भार पडतो तो बेताच्या मिळकतीच्या गिऱ्हाइकावर. पहिली गाडी घेणारा तरुण किंवा रेल्वे नसलेल्या गावातील कुटुंब यांना चढ्या भावानेच खरेदी करावी लागते. गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्यांनाही माल कमी मिळतो, कारण त्यांच्याकडे येऊ शकणारी गाडी आधीच जहाजावर चढलेली असते.

दूरचे दार बंद झाले तर

या व्यवहारातील धोका 2023 साली उघड झाला. ऑगस्टमध्ये जपान सरकारने 1900 सीसीहून मोठ्या इंजिनाच्या, तसेच हायब्रिड व विजेवरील गाड्या रशियास पाठविण्यास बंदी केली. तोयामा परिसरातील बंदरातून व्लादिवोस्तोकला गाड्या पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांचा मोठा व्यवसाय अचानक आटला. रशियासाठी खरेदी होणाऱ्या गाड्यांचे गिऱ्हाईक कमी झाले आणि लिलावात त्यांचे भाव नरमले. त्या दिवसांत देशातील खरेदीदारास थोडा दिलासा मिळाला असेल. पण ज्याने चढ्या भावाने गाड्या घेऊन आवारात उभ्या केल्या होत्या, त्याचे भांडवल अडकून पडले.

निर्यात वाईट नव्हे. तिने जपानमधील मालकास किंमत मिळवून दिली आणि दूरदेशीच्या कुटुंबांना वाहन दिले. मात्र भाव कोणाच्या मागणीने चढला आहे, हे ओळखूनच माल भरावा लागतो. देशातील गिऱ्हाईक दुकानाच्या उंबऱ्यावर दिसते. परदेशातील गिऱ्हाईक एका सरकारी आदेशाने नाहीसे होऊ शकते. एकाच देशाच्या मागणीवर सारे भांडवल न लावता दोन-तीन बाजारांत व्यवहार विभागणारा आणि घरच्या गिऱ्हाइकाशी नाते टिकवणारा व्यापारीच अशा वेळी तग धरतो.