इंग्रजीच्या वर्गात मातृभाषेचे स्थान

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडेही पालकांचा ओढा वाढला. मात्र इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणाऱ्या मुलाला दटावणे, प्रसंगी दंड करणे, असे प्रकार अनेक ठिकाणी घडतात. आपली घरची भाषा कमी दर्जाची आहे, असा समज त्यातून बालमनात रुजतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

इंग्रजी केवळ इंग्रजीतूनच शिकवावी, या मताला १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या परिषदेत मोठे बळ मिळाले. पुढे १९९२ साली भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी हे मत भ्रामक असल्याचे प्रतिपादन केले. त्यापूर्वीच, १९६७ साली, सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धती मांडली होती. या पद्धतीत शिक्षक वाक्य इंग्रजीत उच्चारतो व त्याचा अर्थ मातृभाषेत सांगतो. पुढील सराव मात्र इंग्रजीतूनच होतो. मातृभाषा अर्थ उलगडण्यापुरती येते आणि बाजूला होते.

खानदेशात या विचाराला आणखी एक पदर आहे. पिंप्राळा, जळगाव, धुळे या परिसरातील अनेक मुलांची घरची बोली अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी ती भिली वा पावरी असते. अशा मुलाला प्रमाण मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतील भेद समजावताना मराठी मूल गोंधळते, कारण ‘मी जातो’ हे वाक्य आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. अहिराणीत मात्र ‘मी जास’ आणि ‘मी जाई राहिनू’ अशी दोन वेगळी रूपे आहेत. शिक्षकाने ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर जो भेद व्याकरणाच्या व्याख्येने कळत नाही, तो मुलाला आपल्याच बोलीतून कळतो.

अर्थात, प्रत्येक वाक्याचे भाषांतर करीत राहणे हितावह नाही. मराठी अर्थ हमखास मिळणार हे ठाऊक झाले, की मूल इंग्रजीकडे कान देत नाही. कठीण शब्द, व्याकरणातील भेद आणि घाबरलेल्या मुलाला धीर देणे यांसाठी मातृभाषा वापरावी; सूचना, संभाषण व वाचन यांसाठी इंग्रजी.

ख्रिस्तसभेला हा मार्ग नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपली भाषा लोकांवर लादली नाही. ते लोकांची भाषा शिकले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली राचोल येथे छापले गेले. ते पोर्तुगीज भाषेत लिहिलेले होते, म्हणजे शिकणाऱ्या धर्मगुरूंना अवगत असलेल्या भाषेतून नवी भाषा शिकवणारे होते. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट खुली केली. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली.

आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासात आपला काहीच उपयोग नाही, असे अनेक माता-पित्यांना वाटते. तसे मुळीच नाही. आज इंग्रजीच्या तासाला काय शिकलास, ते मुलाला घरच्या बोलीत सांगू द्यावे. जे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, ते त्याला खरोखर समजलेले असते. आपल्या शाळांनी व शिक्षकांनीही मुलाच्या मुखातील बोलीचा आदर राखावा. इंग्रजी त्याला अवश्य यावी, परंतु त्यासाठी त्याला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटू नये.