पुरुषाच्या तक्रारीची लाज कसली?

आज जरा अवघड विषय काढला आहे. पारावर त्याची थट्टा होते, घरात तो कोणी काढत नाही आणि दवाखान्यात सांगताना जीभ अडखळते. पण या न बोलण्यापायी कित्येकांचा पैसा जातो, प्रकृती जाते आणि कधी कधी घरातल्या निरपराध सुनेवर बोल येतो.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात तुम्ही गेला असाल. तिथे एका वयाचा वळू आणि बैल शेजारी उभे करून पाहा. वळूची मान जाड, वशिंड भरदार, स्वभाव तापट. बैल मात्र शांत, कह्यात राहणारा. गोऱ्हे असताना दोघे सारखेच होते. फरक पडला तो खच्ची केल्यामुळे. वृषणातून असे काही तरी रक्तात उतरते की ज्याने नराला नरपण येते, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तक न वाचताही ठाऊक होते.

शास्त्रज्ञांनी त्याचाच माग काढला. १८४९ साली जर्मनीत बर्थोल्ड याने कोंबड्यांचे वृषण काढून त्यांच्याच पोटात पुन्हा बसवून पाहिले. ते कोंबडे तुरा वाढवून नेहमीसारखे आरवू लागले. पुढे १९३५ साली हॉलंडच्या संशोधकांनी वळूंच्या वृषणांतून ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचेच नाव टेस्टोस्टेरॉन. दाढीमिशा, भारदस्त आवाज, स्नायूंची व हाडांची बळकटी, कामेच्छा आणि बीजनिर्मिती ही सारी त्याच्यावर अवलंबून असतात.

ते कमी पडले तर काय होते? इच्छा मंदावते, पहाटेची नैसर्गिक ताठरता येईनाशी होते, दाढी विरळ होते, छाती सुजल्यासारखी वाढते, हाडे ठिसूळ होतात, मन उदास राहते. पण थांबा! नुसता थकवा म्हणजे हा रोग नव्हे. रात्रीच्या लाइटला उसाची दारे धरून सकाळी पुन्हा कामाला जुंपून घेणारा माणूस थकणारच. त्यात कर्जाची काळजी असेल तर इच्छाही मरते. मधुमेह, दारू, तंबाखू, रक्तदाब यांनीही पुरुषाला अडचण येते. किंबहुना ताठरतेची तक्रार ही कधी कधी हृदयाच्या दुखण्याची आगाऊ सूचना असते. म्हणून ती दडवू नये.

खरे निदान रक्त तपासूनच होते, आणि त्याचीही रीत आहे. हे द्रव्य सकाळी जास्त असते, दुपारनंतर उतरते. म्हणून रक्त सकाळी, दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना देऊ नये. एकदा आकडा कमी आला म्हणून घाबरू नये. वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावे. दोन्ही वेळा तो ३०० नॅनोग्रॅमच्या (एका डेसिलिटर रक्तात) खाली आला आणि वरची लक्षणेही असली, तरच डॉक्टर कमतरता आहे असे मानतात.

मग कारण शोधायचे. नळाला पाणी आले नाही तर आपण काय बघतो? विहीर आटली की मोटरच बंद आहे? इथे वृषण ही विहीर आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हा मोटरचा स्टार्टर. या ग्रंथीतून येणारी द्रव्ये रक्तात मोजली की दोष कुठे आहे ते उमगते. गालगुंडाच्या वेळी वृषणाला आलेली सूज, मार, लहानपणी खाली न उतरलेली गोळी ही विहिरीची कारणे. ग्रंथीवरची गाठ, फार वाढलेले वजन, सांधेदुखीसाठी महिनोन् महिने खाल्लेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या ही स्टार्टरची.

उपचारही कारणाप्रमाणे. वजन व साखर आटोक्यात आणली, दारू सुटली, झोप पुरी झाली, तर पुष्कळांचा आकडा आपोआप वर येतो. खरीच कमतरता असेल त्याला इंजेक्शन किंवा त्वचेवर लावायचे मलम देतात. ते घेताना रक्त फाजील घट्ट होत नाही ना, प्रॉस्टेट ठीक आहे ना, हे तीन-सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी तपासावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूल हवे असेल तर हे इंजेक्शन घेऊ नका! टँकरने टाकी भरली की मोटर कोण चालू करतो? बाहेरून द्रव्य आले की मेंदू स्टार्टर बंद करतो आणि बीज तयार होणे थांबते. तालमीत अंग कमावण्यासाठी कुणी सांगितले म्हणून चोरून इंजेक्शने घेणाऱ्या तरुण पोरांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. मूल हवे असणाऱ्यांसाठी वेगळे उपचार आहेत. डॉक्टरांना आधी तसे सांगा.

रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूच्या पुड्या, भिंतीवरच्या 'ताकदी'च्या जाहिराती यांना भुलू नका. अशा जाहिरातींना १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. शेळी विकून आणलेल्या पुडीत काय कालवले आहे, कुणास ठाऊक?

आणि आयाबहिणींनो, मूल होत नाही म्हणून सुनेला दोष देण्याआधी मुलाचीही तपासणी करा. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही कारण सापडते. बाळ सहा महिन्यांचे झाले तरी गोळी खाली उतरली नसेल, किंवा चौदा वर्षांच्या मुलाला वयात येण्याची काहीच खूण नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या जिल्ह्यात सोय नाही असे नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करावी. पुढे नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बायकांनीही आरोग्याचे शिक्षण घेतले आणि गावोगाव बाळंतपणाविषयी उघड बोलून जीव वाचवले. त्या बायकांना जे जमले, ते आपल्या पुरुषांना का जमू नये?